जिन्याने जाणारा लिफ्टवाला

माझा धंदा लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि कित्येक महिने मी सगळीकडे जिन्याने जात होतो. हसा, हसून घ्या. बायको हसली, कामावरचा जोडीदार हसला, हॉस्पिटलातल्या नर्सबाई तर तोंडावर हात धरून हसल्या, मग तुम्हीच कशाला मागे राहता? मला राग येईल, पण तो मला कशाचाही येतो.

सुरुवात एका ऑफिसच्या इमारतीत झाली. नेहमीची तपासणी होती. लिफ्टमध्ये मी एकटा, खांद्याला हत्यारांची पिशवी, डोक्यात विचार कसला, तर बुटाचा सोल सुटलाय तो चिकटवायचा. लिफ्ट एकदम झकास चालली होती, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक हमखास विचारतात, "अडकला होतात का हो?" कुठला अडकतोय! मीच सांभाळतो ती लिफ्ट. तर मधल्या कुठल्याशा मजल्यावर माझी छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या, तोंडाला कोरड पडली, श्वास घशाखाली उतरेना, आणि एकदम खात्रीच पटली की संपलं. आपण आता इथेच, या स्टीलच्या डब्यात, सुटलेल्या सोलासकट मरणार. दार उघडलं तसा मी बाहेर आलो आणि समोरच्या ऑफिसच्या दारात आडवा झालो. दोन कारकून धावत आले. एकाने तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्याने वाकून काळजीने विचारलं, "लिफ्ट वापरली तर चालेल ना?"

हॉस्पिटलात ईसीजी काढला. हृदय ठणठणीत. घरी आलो. थोड्या दिवसांनी दुसऱ्या इमारतीत पुन्हा तेच, पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा ठणठणीत. तिसऱ्या खेपेला नर्सबाई मला बघून म्हणाल्या, "या, या. आज मधोमध दुखतंय की डावीकडे?" मी डॉक्टरवर खेकसलो, "ठणठणीत, ठणठणीत काय लावलंय? आधी तुमचं मशीन तपासा!" तो बिचारा शांतपणे म्हणाला, "मशीन बरोबर आहे. हे पॅनिक अटॅक दिसतायत. तुम्ही एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा."

झालं, माझा पारा चढला. मी काय वेडा आहे? मी कामावर जातो, बिलं भरतो, लोकांशी भांडतो, सगळं व्यवस्थित करतो. त्याला चार शब्द सुनावून मी तरातरा बाहेर पडलो तो थेट हॉस्पिटलच्या लिफ्टसमोर येऊन थांबलो. वर येताना स्ट्रेचरवर डोळे मिटून होतो, त्यामुळे काही वाटलं नव्हतं. आता आत पाय टाकवेना. इकडेतिकडे बघितलं, ओळखीचं कुणी नव्हतं, आणि मी गुपचूप जिन्याने उतरलो. तिथून ती सवय लागली.

कामावरच्या जोडीदाराला आम्ही बारक्या म्हणतो. अंगापिंडाने एवढा आडवा की तो एकटा शिरला तरी लिफ्टला दोघे आल्यासारखं वाटतं. त्याला मी सांगितलं, "तू डब्यातलं बघ, मी वर मशीनच्या खोलीतलं बघतो." मशीनची खोली असते इमारतीच्या डोक्यावर. म्हणजे रोज मी इमारतीमागून इमारती पायांनी चढत होतो. कुणी विचारलं तर म्हणायचो, व्यायाम. पँट ढिली झाली. बायको कौतुक करायला लागली, आणि मी निर्लज्जासारखं ते कौतुक करवूनही घेतलं.

एवढ्यावर भागलं असतं तर हा सगळा नुसता विनोदच होता. पण घरी अप्पा होते.

अप्पा म्हणजे माझे वडील. तेही लिफ्टवालेच, मला या धंद्यात त्यांनीच आणलं, कानफटात मारून मारून शिकवलं. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, तोंड थोडं वाकडं झालं, जीभ मात्र होती तशी तिखट राहिली. चाकाची खुर्ची आली. आम्ही राहतो नवव्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यात वर. रोज संध्याकाळी मी अप्पांना खाली आवारात घेऊन जायचो. तिथे बाकावर त्यांचे दोन दोस्त बसलेले असायचे, एक निवृत्त पोस्टमन आणि एक शिंपी. तिघे मिळून जगाची उणीदुणी काढायचे. तो तासभर हाच अप्पांचा दिवस होता. बायको त्यांना खाली न्यायला तयार असायची, पण अप्पा अडून बसायचे. "सुनेकडून ढकलून घ्यायला मी काय भाजीची गाडी आहे?" म्हणजे राहिलो मी एकटा.

आणि मी काय केलं? लिफ्टची भीती बसल्यावर पहिल्याच संध्याकाळी, नजरेला नजर न देता, सांगितलं, "अप्पा, लिफ्ट बंद पडलीय. पार्ट मागवलाय."

आता माझी अक्कल बघा. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर. अप्पांच्या पलंगाच्या बरोबर डोक्यावर मशीनची खोली. लिफ्ट हलली की मोटर गुरगुरते, थांबली की ब्रेक खट् करून बसतो. एकेकाळी नुसत्या त्या आवाजावरून अप्पा सांगायचे, आत किती माणसं आहेत. अशा माणसाला, अशा छताखाली बसवून, मी सांगतोय की लिफ्ट बंद आहे. मी बोलत असतानाच वर खट् झालं. अप्पांनी एकदा छताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरं."

मी ठरवून टाकलं की झटक्यात अप्पांचे कान गेले. दुसरं काय ठरवणार? दुसऱ्या दिवशी पार्ट यायचा होता, तिसऱ्या दिवशी चुकीचा आला होता, मग परत पाठवला होता. एवढा उशीर लावणाऱ्या कंपनीला मी अप्पांसमोर शिव्यासुद्धा घातल्या, अगदी मनापासून. अप्पा आधी खिडकीशी बसायचे, मग खिडकीशीही बसेनासे झाले. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. ताट अर्धं परत यायला लागलं.

मग एकदा मी असाच सांगत होतो, "आज फोन केला होता अप्पा, पुढच्या आठवड्यात नक्की," तेवढ्यात दार उघडून बायको आत आली. दोन्ही हातांत सामानाच्या जड पिशव्या. श्वास जराही लागलेला नाही, केसाची बट हललेली नाही. नऊ मजले चढून आलेली बाई अशी दिसत नाही, हे मला सगळ्यांत चांगलं ठाऊक. तिने माझं बोलणं ऐकलं. पिशव्या खाली ठेवल्या आणि माझी बाही धरून मला स्वयंपाकघरात नेलं.

"काय चाललंय हे?"

मी सगळं सांगितलं. आधी ती हसली, खरंच हसली, पदर तोंडात कोंबून. मग हसता हसता थांबली. "अहो, अप्पांचा व्यायाम घेणाऱ्या बाई आज काय सांगून गेल्या ठाऊक आहे? म्हणाल्या, यांना बाहेर काढा. असेच पडून राहिले तर चांगला हातसुद्धा वापरायचं सोडतील, आणि मग हे या पलंगावरून उठणार नाहीत. तुम्हाला डॉक्टरकडे जायची लाज वाटते ना? वाटू दे. पण तुमच्या लाजेपायी अप्पा जातायत."

यावर भांडायला माझ्याकडे काहीच नव्हतं. मी भांडलो, पण उगाच, सवयीने. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो.

मला वाटलं होतं, अंधारी खोली असेल, आडवं व्हायला कोच असेल, डॉक्टर दाढीवाला असेल. डॉक्टर माझ्याहून लहान, दाढी गुळगुळीत, टेबलावर अर्धा प्यालेला चहा. त्याने सगळं नीट विचारलं. झोप, भूक, दारू, थायरॉइडची तपासणी, घरात आणखी कुणाला असं होतं का. मग म्हणाला, "शरीरात धोक्याची घंटा असते. वाघ समोर आला की ती वाजते, छाती धडधडते, पळायला बळ येतं. तुमची घंटा वाघ नसतानाच वाजतेय. आणि ती परत वाजेल या भीतीने तुम्ही वाटाच बदलायला लागलात. याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. पुष्कळ लोकांना असतो आणि चांगला बरा होतो."

"म्हणजे लिफ्टचा सेफ्टी ब्रेक," मी म्हटलं. "वेग वाढला की लिफ्टला धरून ठेवणारा. तो वेग न वाढताच लागतोय."

"अगदी तसंच समजा."

"मग बदलून टाका."

तो हसला. "बदलता येत नाही. नीट बसवता येतो. त्याला वेळ लागतो."

त्याने गोळी लिहून दिली. रोज घ्यायची, गुण यायला काही आठवडे लागतील, सुरुवातीला थोडी बेचैनी जास्त वाटेल तर घाबरू नका, आणि मनाने बंद करू नका, असं बजावलं. मी दोनच दिवसांनी फोन करून विचारलं, "अजून काहीच फरक कसा नाही?" गिऱ्हाईक मला असं विचारतं तेव्हा मी त्याच्या अंगावर धावून जातो. डॉक्टर गेला नाही, नुसतं म्हणाला, "आठवडे म्हटलं होतं, दिवस नाही."

गोळीच्या जोडीला त्याने एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं. या बाई दिसायला शाळेतल्या गणिताच्या बाईंसारख्या, साध्या, चष्मेवाल्या. मी तयारीने गेलो होतो, लहानपणाबद्दल विचारलं तर काय सांगायचं याची. त्यांनी मला फिरत्या खुर्चीत बसवलं आणि गरागरा फिरवलं. खोटं सांगत नाही! मी ओरडलो, "अहो बाई, काय करताय?" त्या फिरवतच राहिल्या. मग थांबवून म्हणाल्या, "चक्कर येतेय? छाती धडधडतेय? मेलात का?" नाही म्हटलं. मग सरबताच्या बारीक नळीतून श्वास घ्यायला लावला, मग जागच्या जागी पळायला लावलं. माझ्या वयाचा माणूस, तोंडात नळी, टेबलाभोवती उड्या मारतोय. बारक्याने हे पाहिलं असतं तर मला धंदा सोडावा लागला असता.

पण त्यामागे एक गोष्ट होती आणि ती बाईंनी माझ्या टाळक्यात घातली. अंगाला जे होतं ते भयंकर वाटतं, पण त्याने माणूस मरत नाही. भीती चढते, टोकाला जाते आणि कुणी काही न करता आपली आपण उतरते. "तुम्ही दर वेळी ती चढत असतानाच पळता," बाई म्हणाल्या. "त्यामुळे ती उतरते, हे तुम्हाला कधी कळलंच नाही." माझा गृहपाठ ठरला. लिफ्टमध्ये जायचं, वरखाली करायचं, भीती आली तर येऊ द्यायची, आणि ती उतरेपर्यंत बाहेर पडायचं नाही.

आणि मी काय पराक्रम केला म्हणून सांगू! पहिल्या दिवशी एक मजला, मग दोन, मग लिफ्टमध्ये स्टूल टाकून बसायला लागलो. लोकांना वाटायचं तपासणी चाललीय. आत येऊन आदबीने उभे राहायचे, मी वर बघून मान डोलवायचो. भीती जेमतेम डोकं वर काढायची आणि गप्प बसायची. बाईंना जाऊन सांगितलं, "तुमच्याकडे माझ्याइतका हुशार पेशंट कधी आलाच नसेल." त्या म्हणाल्या, "बघू." मला ते 'बघू' आवडलं नाही.

मग एका सकाळी मला सरकारी ऑफिसात काम होतं, म्हणून बायकोने इस्त्रीची पँट घालायला लावली. काम उरकलं, तिथली लिफ्ट दिसली, म्हटलं चला, आपल्याला आता काय! आत शिरलो, दार मिटलं आणि माझी बोबडी वळली. पहिल्यासारखंच सगळं, उलट जास्तच. मी दारावर मुठी आपटल्या, पुढच्या मजल्यावर बाहेर पडलो आणि तसाच धापा टाकत बाईंकडे गेलो. तिथे तोंडाचा पट्टा सोडला. गोळ्या फुकट, खुर्ची फुकट, नळी फुकट, तुमचं शास्त्र फुकट.

बाईंनी मला ओरडून घेऊ दिलं. मग विचारलं, "आज वेगळं काय होतं?"

"काही नाही. लिफ्टच ती. पँट वेगळी होती फक्त."

"पँटमध्ये काय नव्हतं?"

माझा हात खिशाकडे गेला. कामाच्या पँटच्या खिशात आमची तिकोनी चावी असते. लिफ्टची दारं उघडायची चावी, प्रत्येक लिफ्टवाल्याकडे असतेच. गृहपाठाच्या वेळी मी दर वेळी ती मुठीत धरून बसायचो. तळहातावर तिचे तीन कोपरे उमटायचे. मला यात काही विशेष वाटलंच नव्हतं.

"लिफ्ट बंद पडली तर त्या चावीने आतून दार उघडता येतं?" बाईंनी विचारलं.

काय सांगू तुम्हाला. ती चावी दार बाहेरून उघडते. मजल्यावर उभं राहून. आत अडकलेल्या माणसाला तिचा उपयोग शून्य. हे मला ठाऊक आहे, मी नव्या लोकांना हे ओरडून ओरडून शिकवतो, "अरे, आत चावी घेऊन काय नाचायचंय?" आणि तोच मी, इतके दिवस, लोखंडाचा एक निरुपयोगी तुकडा छातीशी धरून शूरवीर झालो होतो. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, तसली गत. मी बाईंना खालमानेने म्हटलं, "नाही उघडता येत."

मला वाटलं आता त्या हसणार. त्या हसल्या नाहीत. "म्हणजे तुमचा समज असा झाला की चावी होती म्हणून वाचलो. आता चावी नसतानाही वाचता हे तुम्हाला बघायचंय. पुन्हा पहिल्या मजल्यापासून."

चावी मी बारक्याच्या हवाली केली. कारण सांगावं लागलं. पोट धरून हसला, मग म्हणाला, "माझी बहीण पण जाते अशाच एका बाईंकडे. तिला पाली दिसल्या की व्हायचं," आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली. रिकाम्या हाताने मी पुन्हा सुरुवात केली. या वेळी पराक्रम वगैरे काही नव्हता. घाम, थरथर, एकदा तर लिफ्टमध्ये खालीच बसलो आणि एका म्हातारीने मला पाणी दिलं. पण बाई म्हणाल्या होत्या तसं, भीती चढायची, टोकाला जायची आणि उतरायची. खरंच उतरायची. गोळीनेही आपलं काम केलं असणार, झोप लागायला लागली होती. असा तो रखडत रखडत गृहपाठ झाला, आणि एका संध्याकाळी मी घरी लिफ्टने आलो.

थेट अप्पांच्या खोलीत गेलो. "अप्पा, लिफ्ट दुरुस्त झाली. चला खाली!"

अप्पा भिंतीकडे तोंड करून पडले होते. तसेच म्हणाले, "बिघडली कधी होती?"

माझा चेहरा खर्रकन उतरला. मग मी पलंगाच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. ईसीजी, जिने, गोळ्या, खुर्ची, नळी, चावी. आता बापाकडून काय काय ऐकावं लागणार याची तयारी केली. अप्पांच्या मते मनाचे आजार म्हणजे रिकाम्या लोकांची थेरं. पण अप्पांनी नुसतं पांघरूण वर ओढून घेतलं. मी म्हटलं, "चला ना आता." ते म्हणाले, "आज नको."

दुसऱ्या दिवशी शर्टाचं बटण तुटलं होतं. मग वारं फार होतं. मग म्हणे पोस्टमनला सर्दी झालीय, आपल्याला लागेल. मी रागावलेल्या बापाची समजूत काढत राहिलो, आणि एका दिवशी पायमोजे टोचतात हे कारण आलं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. अरे, ही कारणं तर माझ्या ओळखीची आहेत! पार्ट मागवलाय, पार्ट चुकीचा आला. हा माणूस रागावलेला नाहीये.

पण समजलं म्हणून शहाण्यासारखं वागेन तर तो मी कसला? मी ओरडलोच. "माझ्या खोटेपणाचा सूड घेताय का? किती दिवस पडून राहणार आहात?"

अप्पा डाव्या हातावर रेटून उठून बसले. "तोंड बघ माझं!" ते माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडले. "बघ नीट! चहा प्यायलो की हनुवटीवरून ओघळतो. त्या शेवटच्या दिवशी शिंप्याने स्वतःच्या रुमालाने माझी लाळ पुसली. लहान मुलाची पुसतात तशी, बोलता बोलता. आणि पोस्टमन दुसरीकडे बघायला लागला. दुसऱ्याच दिवशी तू म्हणालास लिफ्ट बंद आहे. मला ऐकू येत होतं रे सगळं. पण म्हटलं बरं झालं. तू खोटं बोलत राहिलास आणि माझी सोय होत राहिली."

बायको दारात येऊन उभी होती. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही, कारण लपवायला त्या खोलीत जागाच नव्हती.

मग मी बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, ओढून नेऊ नका आणि सोडूनही देऊ नका, थोडं थोडं करा. आणि त्यांच्या मनावर फार ओझं दिसतंय, तर डॉक्टरांनाही दाखवा. डॉक्टर घरी येऊन अप्पांशी बोलून गेला. झटक्यानंतर पुष्कळांना असं उदास वाटतं, त्यावर उपचार आहेत, म्हणाला. अप्पांनी त्याला विचारलं, "मलाही नळी देणार का तोंडात?"

पहिल्या दिवशी आम्ही घराच्या दारापर्यंत गेलो. मग लिफ्टच्या दारापर्यंत. तिथे अप्पा अर्धा तास बसून वरचा ब्रेक ऐकत राहिले आणि मला म्हणाले, "गाढवा, ब्रेक उशिरा लागतोय, ऐकू येत नाही का?" मला फार बरं वाटलं. मग एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच मान हलवली आणि आम्ही आत शिरलो.

दार मिटलं. आणि अर्थातच, नेमकी तेव्हाच, माझी छाती धडधडायला लागली. मी म्हटलं, "अप्पा, मला भीती वाटतेय."

"मग? अशा वेळी काय करायचं असतं?"

"काही नाही. उभं राहायचं."

"एवढं शिकायला तू त्या बाईकडे गेलास?"

"हो."

"हं," अप्पा म्हणाले, आणि डावा हात मागे करून माझं मनगट धरलं. खाली पोचेपर्यंत सोडलं नाही.

दार उघडलं. समोर काचेतून आवार दिसत होतं, आणि बाकावर पोस्टमन आणि शिंपी. अप्पांनी माझं मनगट सोडलं आणि खुर्चीचा ब्रेक ओढला. "वर चल."

"राहू दे अप्पा, उद्या बघू," हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. किती गोड वाटतं ते! इतके महिने मी स्वतःला तेवढंच म्हणत आलो होतो. मी तोंड मिटलं, ब्रेक सोडवून खुर्ची उंबऱ्यावरून बाहेर काढली, लिफ्टच्या बाजूला लावली आणि त्यांच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसलो. अप्पांचा श्वास जोरात चालला होता. येणारेजाणारे थबकून बघत होते. एका बाईने विचारलं, "काही होतंय का?" मी म्हटलं, "होतंय. होऊ दे." ती गेली.

किती वेळ बसलो ठाऊक नाही. माझे पाय बधिर झाले. मग अप्पा हळू म्हणाले, "तू मागे असतोस ना, मग पुढून सगळे मलाच बघतात. समोर ये तू."

समोर आलो. दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरले आणि ओढत, उलटा चालत, आवारात निघालो. मागचं काही दिसेना. आधी कुंडीला धडकलो, मग कचऱ्याच्या डब्याला. डबा गडगडत गेला. "डावीकडे!" अप्पा ओरडले. "तुझी डावी नाही, माझी!" मी वळलो आणि बाकाच्या कडेवर असा काही आदळलो की सरळ शिंप्याच्या मांडीत जाऊन बसलो. सगळं आवार माझ्याकडे बघून हसत होतं. वॉचमन हसत होता, पोरं हसत होती, पोस्टमनच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. अप्पांच्या तोंडाकडे बघायला कुणाला सवडच नव्हती. हे बाईंच्या शास्त्रात बसतं की नाही, मी अजून विचारलेलं नाही. मी शिंप्याच्या मांडीतून वर बघितलं तर अप्पा सगळ्यांत जास्त हसत होते, वाकड्या तोंडाने, आवाज करून, लाळ हनुवटीवरून शर्टावर गळत होती, आणि ते ती पुसत नव्हते.